गादीचा बार, वाकडा बार

परवा वरच्या माळावर विळा लागला आणि कापलेल्या गवताचा वास घरापर्यंत आला. भात झोडून झालं की आमच्याकडे महिनाभर दुसरं काम नसतं. गवत कापायचं, दोन दिवस उन्हात पडू द्यायचं, गवताचाच पीळ घालून भारा बांधायचा आणि डोक्यावर घेऊन खाली यायचं. साडीला कुसळं चिकटतात, ती संध्याकाळी ओटीवर बसून वेचायची.

खरं तर वर्षातले हे सगळ्यात बिनघोर दिवस. पावसाळ्यात डोंगराकडे बघत जेवावं लागतं. तळीयेवर दरड कोसळली तेव्हापासून जोराची सर आली की बायका दारात येऊन उभ्या राहतात, आणि वर कुठं दगड घसरल्यासारखा वाटला की एकमेकींना हाका मारतात. भादव्यात रानडुकरं भातात शिरतात. उन्हाळ्यात पाण्याची काळजी. पण कार्तिकात डोंगर गप्प बसलेला असतो. सकाळी खाली सावित्री नदीवर धुकं असतं, वर आमच्याकडे ऊन. आंबेनळीच्या घाटातून चढणाऱ्या गाड्यांचा आवाज एवढा स्वच्छ येतो की गाडी कुठल्या वळणावर आली ते सांगता येतं. अशा दिवसांत भ्यायचं काही कारण नसतं.

मागल्या वर्षीपासून मात्र हा वास आला की मी भिते. या वहीची मागची पानं कोरी आहेत, पनूच्या अकरावीची वही आहे. बोलून दाखवता येत नाही ते लिहून बघते.

पनू म्हणजे माझी मुलगी प्रणाली. ती महाडला कॉलेजात जाते. सकाळची एसटी, पोलादपूरला बदलायची, पुढं महाड. कॉलेज सुटलं की ती तिथल्या व्यायामशाळेत जाते. दुपारी दोन ते चार तिथं बायका-मुलींची वेळ असते. पनू वजनं उचलते. लोखंडी दांडा पाठीवर खांद्यांपाशी घ्यायचा, त्याला दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या, आणि तो घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. त्या उठण्याबसण्याला स्क्वाट म्हणतात आणि दांड्याला बार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं, हे तर आम्ही लहानपणापासून करतोय, फक्त बक्षीस कोणी दिलं नाही. माझी मोठी जाऊ अजून टोमणा मारते. म्हणते, घरात भारे कमी पडले म्हणून पोरगी महाडला जाऊन लोखंड उचलते, आणि उचलून कुठं नेत पण नाय, परत तिथंच ठेवते.

यावर मला हसू येतं. पण पनू जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तयारी करते हे मला माहीत होतं, आणि तिला ते किती हवं आहे तेही. मागल्या वर्षी नवरात्राच्या आधी ती घरी आली तेव्हा तिच्या मानेच्या खाली काळपट वळ होता. विचारलं तर म्हणाली, बार टेकतो तिथं. मला ते बघवेना. आम्ही उघड्या डोक्यावर कधी ओझं घेत नाही. खाली चुंबळ लागतेच. हंडा असो, भारा असो, मोळी असो, आधी कापडाची चुंबळ, मग वजन. एवढं वजन घेते आणि मध्ये काही नाही, हे मला वेड्यासारखं वाटलं. मी जुनी साडी पिळली, आत कापूस भरला, वरून गोधडीचा टाका घातला आणि हातभर लांब चुंबळ करून तिच्या पिशवीत ठेवली. ती हसली. पण घेऊन गेली.

व्यायामशाळेच्या सरांनी सगळ्या मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं की बारखाली मऊ काही घ्यायचं नाही. बार पाठीच्या मांसावर घट्ट बसावा लागतो, मऊ वस्तूवर तो लोळतो. पनूला हे माहीत होतं. तरी एक दिवस सर कामाला पोलादपूरला गेलेले असताना तिनं माझी चुंबळ घातली. आईनं शिवली म्हणून. ती खाली बसलेली असताना बार मागं लोळला. तो थांबवायला तिनं उजवा हात मागं नेला आणि खांदा पिरगळला. बार बाजूच्या लोखंडी आधारांवर पडला म्हणून पोरगी वाचली.

डॉक्टरनी सांगितलं, दीड महिना काही उचलायचं नाही, आणि पुढंही काही महिने हात मागं वळवायचा नाही. सरळ बार धरायचा तर दोन्ही हात मागंच न्यावे लागतात. त्या वर्षीची जिल्ह्याची स्पर्धा गेली.

मला कोणी काही बोललं नाही. पनू नाही, सर नाहीत, मुंबईहून फोन करणारे तिचे बाबासुद्धा नाहीत. ते म्हणाले, होतं असं, टेन्शन घेऊ नको. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. ती चुंबळ मी उसवली आणि त्यातला कापूस हातात घेतला. हाताला काही वजन लागत नव्हतं त्याचं.

मग गवताचे दिवस आले. पनू घरीच होती. उजवा हात पोटाशी धरून माळावर येऊन बसायची आणि डाव्या हातानं आम्हाला पाणी द्यायची. दीड महिना संपला तसा एक दिवस सरांचा फोन आला. सर म्हणजे संदेश सर, आमच्याच बाजूचे, कुडपणच्या खालच्या वाडीचे. मुंबईच्या एका जिममध्ये खूप वर्षं काम करून महाडला आलेले. त्यांनी सांगितलं की मुंबईच्या ओळखीच्या माणसानं दोन वेगळ्या तऱ्हेचे बार टेम्पोतून पाठवले आहेत. आठ दिवस वापरून बघायचे, एक ठेवायचा, एक परत करायचा. दोन्ही बार असे की हात मागं फार न्यावे लागत नाहीत. कुठला ठेवायचा ते पनूनं बघून सांगायचं, कारण वर्षभर तोच तिला वापरायचा आहे. आणि येताना काकूंना घेऊन ये, असंही ते म्हणाले.

मला का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ओळखलं. मला सगळं नीट बघू द्यायचं होतं त्यांना, म्हणजे परत घरून काही शिवून येऊ नये.

मी गेले. त्या दिवशीचं माझं गवत जावेनं कापलं आणि त्याबद्दल पुढं आठ दिवस ऐकवलं. व्यायामशाळा एका दुकानाच्या वर आहे. उभा जिना. आत लोखंडाचा, रबराचा आणि बामचा वास. भिंतीला आरसेच आरसे. जिकडं बघावं तिकडं मीच, पदर घट्ट धरून उभी. नजर कुठं ठेवावी कळेना म्हणून मी चपलांच्या फळीजवळच्या स्टुलावर बसले आणि जमिनीकडे बघू लागले. तीन-चार मुली होत्या. त्या मला काकू, पाणी देऊ का म्हणाल्या. मी नको म्हटलं, हवं असून.

सरांनी दोन्ही बार मांडले. एकाला मधोमध जाड गादी होती. दोन्ही खांद्यांवर गादीचे पाय पुढं येतात आणि त्याच्या टोकाला मुठी, त्या छातीपुढं धरायच्या. हात मागं न्यायचा प्रश्नच नाही. दुसरा बार मधे सरळ, पण दोन्हीकडे खाली वाकवलेला, आणि वजनाच्या चकत्या त्या वाकवलेल्या टोकांना, मांडीच्या उंचीवर लोंबतात. तो साध्या बारसारखाच पाठीवर बसतो, फक्त हात खालच्या वाकणावर धरायचे. पनू लगेच वाकड्याकडे गेली. स्पर्धेत सरळच बार असतो. जो त्याच्या जवळचा, तो तिला हवा होता.

मुली गेल्यावर सर मला म्हणाले, काकू, तुम्ही एवढी वर्षं ओझी वाहिली, जरा खांद्यावर घेऊन सांगा बरं. मी नाही नाही म्हणत होते. पनू म्हणाली, "घे ना गो आये, रिकामा हाय, मी पकडते." मी कासोटा नीट केला आणि गादीचा बार खांद्यावर घेतला. पहिल्यांदा काय आठवलं असेल तर जत्रेत बाप पोराला मानेवर बसवतो ते. दोन्हीकडून पोराचे पाय छातीवर येतात आणि बाप ते धरून चालतो. तसंच. मऊ, ऊबदार. पण खाली बसायला गेले तशी तो मला पुढं लोटायला लागला. पोर पुढं वाकून काही दाखवत असावं तसा. मी म्हटलं, हा तोंडावर पाडील. सर म्हणाले, बरोबर ओळखलंत, याच्याशी पाठीचा वरचा भाग सारखा भांडत राहतो, म्हणून ती पाठ मजबूत होते.

वाकडा बार घेतला तर तो कावडीसारखा. पाण्याची कावड खांद्यावर घेतल्यावर दोन्ही हंडे झुलतात आणि चालणाऱ्यानं त्यांच्या झोक्याशी जमवून घ्यावं लागतं. उभं राहिलं तरी वजन आपल्याआपण हलतं. मला तो आवडला नाही, पण मी काही बोलले नाही. माझ्या आवडीनं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

मग पनूनं आळीपाळीनं दोन्ही घेऊन बघितले. सरांनी थोड्या चकत्या लावल्या. चार दिवस असंच. मी रोज जात नव्हते, पण शेवटच्या दिवशी गेले. त्या दिवशी ठरवायचं होतं. चार वाजत आले होते, मुली जायच्या तयारीत होत्या. गादीच्या बारनं पनू पुढं झुकत होती, तिला राग येत होता. वाकड्यानं ती सरळ खाली जायची, सरळ वर यायची. चकत्या झुलायच्या आणि ती त्यांना शांत होऊ द्यायची. बघायला छान दिसत होतं. सर विचारायचे, खांदा? ती म्हणायची, काही नाही सर, मस्त.

मी जमिनीकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होते. वर येताना तिचा खालचा ओठ आत जात होता. आणि उजव्या हाताचा अंगठा बारवरून सुटत होता. चार बोटं धरलेली, अंगठा मोकळा.

तो अंगठा मी ओळखत होते.

माळावरून खाली यायची आमची वाट एका माणसापुरती आहे. एका बाजूला दरड, एका बाजूला उतार. बायका रांगेत उतरतात. डोक्यावर भारा असताना मधे थांबता येत नाही. एक थांबली की मागच्या सगळ्या अडतात. भारा खाली ठेवायचा तर परत डोक्यावर चढवायला दुसरी लागते, आणि तिच्या स्वतःच्या डोक्यावर असतो. म्हणून अर्ध्या वाटेवर एक मोठा कातळ आहे, कमरेएवढा, तिथं सगळ्या टेकतात. त्याला आम्ही विसावा म्हणतो. विसाव्यापर्यंत कोणी बोलत नाही. पनू दुसरीत असताना पहिल्यांदा लहानसा भारा घेऊन रांगेत आली तेव्हा मीच तिला शिकवलं होतं. काही झालं तरी विसाव्यापर्यंत गप चालायचं. त्या दिवशी तिच्या टाचेत काटा मोडला होता. ती बोलली नाही. विसाव्यावर भारा उतरवला तेव्हा मी बघितलं, ओठ आत, आणि भाऱ्याच्या बंधावरचा अंगठा सुटलेला. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगी माझी हूं का चूं करत नाय.

व्यायामशाळेत बसून मला ते आठवलं. सर वाकडा ठेवतो म्हणून मुंबईला फोन लावायला निघाले होते. मुली बघत होत्या. मला बोलायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. एकदा मी माझं शहाणपण चालवलं होतं आणि पोरीचा खांदा गेला होता. आता परत चालवलं आणि तेही चुकीचं निघालं तर? गप बसावं आपलं. सर शिकलेले आहेत, पनू शिकलेली आहे. मी फोनच्या आवाजाकडे कान लावून होते. पलीकडे घंटी वाजत होती.

मी उठले आणि म्हटलं, "तो नको. तिचा खांदा दुखतोय."

पनू म्हणाली, "नाय दुखत."

"तिचा अंगठा बघा, सर," मी म्हटलं.

सरांनी फोन ठेवला. तिला परत वाकडा बार घ्यायला लावला आणि स्वतः तिच्या उजव्या बाजूला बसले. दोनदा बघितलं. मग त्यांनी तिला विचारलं, खरं सांग. तिनं अंगठा परत बारवर घट्ट केला. सरांनीच बार उतरवून घेतला.

गादीचा ठेवला. वाकडा त्याच टेम्पोनं परत गेला.

घरी येताना एसटीत ती माझ्याजवळ बसली नाही. माझ्या शेजारी जागा होती तरी पुढं जाऊन माणसांच्या गर्दीत उभी राहिली. पोलादपूरला गाडी बदलली, तिथंही ती पुढंच जाऊन बसली. वाडीच्या थांब्यावर उतरलो, ऊन उतरत आलं होतं, बायका भारे घेऊन शेवटची खेप आणत होत्या. आम्ही बाजूला होऊन त्यांना वाट दिली. रांग गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुंबळ पण तूच दिली होतीस."

मी रांगेच्या मागून चालू लागले.

पुढं किती दिवस मी रोज एकच गोष्ट तपासायचे. ती घरी आली की दप्तर कुठल्या हातानं खाली ठेवते, केस विंचरताना उजवा कोपर किती वर जातो. विचारायची सोय नव्हती. विचारलं की ती काही नाय म्हणायची, आणि आता मला त्या शब्दाची भीती बसली होती. शिवाय नवी काळजी लागली. गादीचा बार पुढं लोटतो हे मी स्वतः अनुभवलं होतं. तिची पाठ बिघडली तर? तोही मीच ठेवायला लावला होता. थंडीत एकदा ती कमरेला शेक देत बसलेली दिसली आणि मी चुलीपुढून उठून गेले, परसात उभी राहिले, परत आले. म्हणाली, नेहमीचंच हाय. नेहमीचं म्हणजे काय ते कोण सांगणार?

शिमग्यापर्यंत ती त्या बारवर पहिल्यापेक्षा जास्त वजन घ्यायला लागली. तिचे बाबा फोनवर आनंदले. मी नाही. वजन वाढलं म्हणजे बरं, की लपवायचं वाढलं, ते मला घरात बघून कळत नव्हतं.

श्रावणात सरांनी तिला परत सरळ बार दिला. आधी नुसता रिकामा. मग हळूहळू. हात मागं जातो का, किती जातो, रोज थोडा थोडा. त्या दिवसांत बाहेर पाऊस आणि घरात मी, दोघंही धरून बसलेलो. ती यायची, ओलं दप्तर ठेवायची, उजव्याच हातानं, आणि मी श्वास सोडायचे. तरी गादीचा बार बरोबर होता की नाही हे अजून ठरलेलं नाही. सर म्हणतात, पाठ आधीपेक्षा चांगली झाली. पनू एकदा जेवताना म्हणाली की सरळ बारवर पहिल्यासारखी सवय यायला वेळ लागतोय, वाकडा असता तर लवकर आली असती. ती भांडायला म्हणाली नव्हती. नुसतं सांगितलं. मी तिच्या ताटात भात वाढला. वाकडा ठेवला असता तर तिनं ओठ आत घेऊन तो वर्षभर उचलला असता, हे मला माहीत आहे. पण मग खांदा गेलाच असता असं कोण छातीठोक सांगेल? निवडलेल्या बारचं काय झालं ते दिसतं. परत पाठवलेल्याचं काही कळत नाही. तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर झुलत असेल.

आज सकाळी पनू निघाली, महाडहून पुढं सरांबरोबर आणि दोन मुलींबरोबर अलिबागला. उद्या जिल्ह्याची स्पर्धा. मी थांब्यापर्यंत गेले. थंडी होती, माळावर दव होतं, म्हणून गवताला हात लावता येत नव्हता आणि मला वेळ होता. जाऊसुद्धा आली होती. तिनं पनूला डब्यात लाडू दिले आणि म्हणाली, जरा वजन उचलून इकडं पण आण, आमचे भारे पडलेत. पनू हसली. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. पिशवी त्याच हातात होती, अंगठा पट्ट्यावर घट्ट.

ती म्हणाली, "काय बघतेस?"

मी म्हटलं, काही नाही.

घाटाच्या बाजूनं गाडी येताना ऐकू आली. अजून दोन वळणं होती. ती माझ्याजवळ सरकली आणि रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "आये, दुखलं तर सांगीन. तिथल्या तिथं सांगीन, हरले तरी. तू पण सांगत जा."

मी मान हलवली. डाव्या बाजूला मानेत कळ आली, गवताच्या दिवसांत रोजच येते. तेवढ्यात गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात दाखवला, आणि ते सांगायचं राहून गेलं.